जनूचे शेवट

रिक्षावाल्यानं मान वळवली तेव्हा कनकाचा पाय पायरीवरून सटकला आणि नडगी लोखंडी पट्टीवर सणकून आपटली. कळ थेट मस्तकात गेली. त्या माणसाचा डावा डोळा पांढरा होता, आतली बाहुली कुणी पुसून टाकावी तसा नुसता पांढरा. तो डोळा फुटला तेव्हा कनका तिथं होती. त्यानंतर तिनं हा माणूस पाहिला नव्हता. एकदा फक्त दाराआडून त्याचा आवाज ऐकला होता. "कोठं लक्ष ग तुझं? लोक्कर चढ की," आत आधीच ऐसपैस बसलेली तिची आई, सईबाई, ओरडली. मग रिक्षावाल्याकडे नजर जाताच तिचा चेहरा उजळला. "हा तर कन्नियप्पन! आपल्या जनूचं दुःख विचारायला आला होता बघ. चोखोट माणूस." आणि लगेच तामिळमध्ये त्याच्या बायकामुलांची चौकशी सुरू झाली. कन्नियप्पननं खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला, उजव्या डोळ्यानं कनकाकडे एकदाच पाहिलं आणि पॅडलवर पाय ठेवला. ओळखलं की नाही ते कळू दिलं नाही. नडगीवरून रक्ताचा ओघळ घोट्याकडे निघाला होता. कनकानं तो साडीच्या काठानं टिपला आणि मनात म्हणाली, आजच भेटायचं होतं होय रे, मेल्या?

कारण आज रविवार होता आणि त्यागरायनगरातल्या एका शाळेत मंडळाचं कथावाचन होतं. मद्रासच्या मराठी लोकांचं हे मंडळ मोठं शिस्तीचं. दर खेपेला एकाच विषयावरच्या दोन कथा वाचायच्या आणि मग तिसऱ्या माणसानं उभं राहून त्यांची तुलना करायची, अशी त्यांची रीत. आजचा विषय होता ‘कथेतला शेवट’. म्हणजे दोन कथांत दोन माणसं मरणार, आणि त्यांतलं कोण जास्त चांगलं मेलं ते विद्याधर चौबळ नावाचे बँकेतले गृहस्थ चष्मा पुसत सांगणार. पहिली कथा कुमुदिनीबाईंची. दुसरी कनकाच्या नवऱ्याची. उमाकांत सांगलीचा, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कोठार सांभाळणारा, आणि लेखक. पुण्याच्या मासिकांत त्याच्या कथा येऊ लागल्या होत्या, आणि ही तर दिवाळी अंकात जायची होती. शेवटचा हात फिरवून उद्याच्या टपालानं पाठवायची, एवढंच राहिलं होतं. कथा जनूच्या मरणावर होती. आणि त्या कथेत जनूला पहिला फटका मारणारा माणूस एक रिक्षावाला होता, डाव्या डोळ्यानं आंधळा. त्याच रिक्षावाल्याच्या पाठीमागे बसून त्या दोघी ती कथा ऐकायला निघाल्या होत्या. त्याचं बनियन घामानं पाठीला चिकटलं होतं आणि मानेवर एक जाड, जुना व्रण होता. तो कसला ते कनकाला ठाऊक होतं. सायकलच्या साखळीचा.

जनू कसा गेला ते वेस्ट मांबलममध्ये, त्यांच्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आर्य गौडा रस्त्याच्या वळणावर एका लॉरीनं एका लहान पोरीला उडवलं आणि लॉरी न थांबता निघून गेली. जनू, म्हणजे जनकोजी, कनकाचा धाकटा भाऊ, एका कंपनीत नकाशे काढायचा. त्या दिवशी तो बहिणीबरोबर भाजी घेऊन घरी येत होता. त्यानं पिशवी टाकली, धावत गेला आणि पोरीला उचललं. पोरीचं रक्त त्याच्या सदऱ्यावर पसरलं. दुकानांतून, घरांतून माणसं बाहेर आली तोवर लॉरी दिसेनाशी झाली होती. दिसत होता तो रक्तानं माखलेला, खाकी पँट घातलेला एक तरुण. लॉरीवाले खाकीच घालतात. एवढं पुरलं. "अवन् इल्लै, अवन् इल्लै," तो नव्हे, तो नव्हे, असं कनका तामिळमध्ये ओरडत राहिली. घसा फाटला, पण तिचं कुणी ऐकलं नाही. तिनं छत्रीनं पाठींवर फटके मारले. एका पाठीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, माशी बसावी तसा नुसता खांदा उडवला. अजून कुठल्या कोपऱ्यावर पिळ्ळैयारपुढं, गणपतीपुढं, नारळ आपटून फोडत असले की ती कानांवर हात ठेवते. तो आवाज ती ओळखते. बायका म्हणतात, कनका फार नाजूक झाली भाऊ गेल्यापासून. नाजूक! तिला त्या नारळ फोडणाऱ्याचं मनगट धरून मोडावंसं वाटतं.

तंजावरकडच्या मराठी घरांत कुणी गेलं की लोक दुःख विचारायला येतात. उमाकांत त्याला समाचाराला येणं म्हणतो, पण दोन्ही एक नव्हे. इथं येणाऱ्यानं चटईवर बसून विचारायचंच, कसं झालं म्हणून; चार ठिकाणी ऐकलं असलं तरी विचारायचं. आणि घरच्या माणसानं पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाला, नव्यानं. उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही, मुकाट्यानं निघून जायचं. सईबाईनं किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. सुरुवातीला तिचं बोलणं तुटत होतं, मध्येच हंबरडा, मध्येच भाजीच्या पिशवीचं काहीतरी. आठवड्याभरात त्याला आकार आला. भाजी गळाली. ऊन आलं, "असं ऊन, असं ऊन की पायाला फोड यावा." कुठं थांबायचं, कुठं पदर डोळ्यांना लावायचा ते तिचं तिला सापडलं. आणि शेवट ठरून गेला: जनू पोरीला छातीशी धरून खाली बसला, एक हात वर केला, म्हणाला, मला मारा, पोरीला लागू देऊ नका. मग ‘अम्मा’ म्हणाला आणि डोळे मिटले. पोर वाचली. ऐकणाऱ्या बायका ढसाढसा रडायच्या. कनका दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि तिला वाटायचं, बाहेर जावं, आईचे खांदे धरावेत आणि दातांवर दात आपटेपर्यंत तिला गदागदा हलवावं. पोर वाचली नव्हती. पोर जनूनं उचलली तेव्हाच गेलेली होती.

एकदा कन्नियप्पनही आला. बारावं झालं होतं. तो उंबऱ्याबाहेर बसला, डोळ्यावर पट्टी, मानेला पट्टी, आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कसं झालं, अम्मा?" सईबाईनं त्यालाही सगळं सांगितलं, उन्हापासून ‘अम्मा’पर्यंत. सांगून झाल्यावर सईबाईनं विचारलं, "तूही तिथं होतास म्हणतात. असंच झालं ना रे?" मग तो म्हणाला, "होय अम्मा. असंच झालं." आणि ‘येतो’ न म्हणता उठून गेला. त्या दिवशी खोलीत उमाकांत बसला होता. सासूची कथा त्याला पाठ झाली होती, तो त्या पट्टीकडे पाहत होता. कनकानं नवऱ्याचे डोळे पाहिले आणि तिला तेव्हाच समजायला हवं होतं. कसाई शेळीकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काही वाईट नसतं. तो नुसता अंदाज घेतो.

"जनू असता तर आज पुढं बसला असता," सईबाई रिक्षात म्हणाली. तिनं ठेवणीतली कांचीवरम नेसली होती. तिच्या लेखी हे कथावाचन म्हणजे दुःख विचारण्याचाच एक मोठा, सभागृहातला प्रकार होता. जावई सांगणार, अस्की, सगळीच, लोक ऐकणार. जावयाच्या कथेत नक्की काय आहे ते तिनं विचारलं नव्हतं. कनकानं वाचलं होतं. कथेत गर्दी जमते. एक आंधळ्या डोळ्याचा रिक्षावाला, जगावर दात धरून असलेला, सायकलची साखळी काढतो आणि पहिला वार करतो. मग सगळे. शेवटी रस्त्यावर फक्त एक चप्पल उरते, वाऱ्यानं तिचा पट्टा हलतो, आणि शुद्धीवर आलेली ती पोर आपलं इवलंसं पाऊल त्या मोठ्या चपलेत घालून पाहते. संपली कथा. वाचून कनकाला मळमळलं होतं. आईनं पोर वाचवली, ह्यानंही वाचवली. दोघांनाही मेलेलं मूल शेवटात नको होतं. गेल्या आठवड्यात ती इडलीचं पीठ वाटत असताना तो मागं येऊन उभा राहिला होता, शाबासकीची वाट पाहत.

"त्यानं मारलं नाही," ती दगडाकडे पाहत म्हणाली.

"कुणी?"

"रिक्षावाल्यानं."

"मग कुणी मारलं?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी मारलं म्हणजे कथेत कुणीच मारलं नाही. गर्दीला एक चेहरा लागतो, कनका, त्याशिवाय वाचक रागावणार कुणावर? आणि तो काय मराठी वाचणार आहे?" मग जरा थांबून, खऱ्याच कुतूहलानं त्यानं विचारलं, "बरं, तू सांग. तो तिथं काय करत होता? त्याचा डोळा कसा गेला?" कनका वाटत राहिली. हातातला वरचा दगड जड होता, ओला, गुळगुळीत. तो उचलून फिरवला तर ह्याचं कपाळ कुठं फुटेल तेही तिला दिसलं, भुवईच्या जरा वर, भांग सुरू होतो तिथं. तिनं पिठात आणखी पाणी घातलं. म्हणाली, "मला काय ठाऊक?"

रेल्वेचं फाटक बंद होतं. रिक्षा थांबली. कन्नियप्पन खाली उतरला, हँडल धरून उभा राहिला, अगदी तसाच उभा राहिला, एक हात हँडलवर, एक कमरेवर, तोंड जरासं उघडं. तसाच तर उभा होता तो त्या दिवशी. गर्दीच्या कडेला, काय चाललंय ते पाहत, सवारीची वाट बघणारा कुणीही माणूस उभा राहील तसा. पहिला फटका पडला तसा जनूच्या हातून पोर खाली पडली. त्यानं ती पुन्हा उचलली नाही. त्यानं हात वर केला नाही, ‘पोरीला लागू देऊ नका’ म्हटलं नाही, तो लढला. लाथा घातल्या, बुक्के मारले, एका माणसाच्या मनगटाला असा चावला की त्याचे दात सोडवायला दोघे लागले. हा आपला जनू, जो झुरळ मारायचं तर बहिणीला हाक मारायचा! मग तो रांगायला लागला. तोंडातून लाळ आणि रक्त लोंबत होतं. रांगता रांगता त्यानं मान वर केली आणि त्याला रिक्षा दिसली, रिक्षावाला दिसला. आणि त्यानं हात लांब करून बोट दाखवलं. "अवन्दान्! अवन्दान्!" तोच तो! त्यानं उडवली पोरीला, त्यानं! गर्दी वळली. सायकलरिक्षानं पोर अशी चेंदत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कळून घ्यायला कोण उभं होतं? त्याच्याच रिक्षाची साखळी ओरबाडून काढली आणि त्याच्याच तोंडावर, मानेवर हाणली.

आणि कनका? कनकाला तेव्हा आनंद झाला होता. फार नाही, एका श्वासापुरता. मारा, त्याला मारा, असं तिच्या आतून कुणीतरी ओरडलं होतं, आता माझा जनू उठेल. जनू उठलाही. उठला आणि पळाला. पळाला तिथंच चुकला, कारण पळणाऱ्या माणसाला सोडणारी गर्दी अजून जन्माला यायची आहे. कुणीतरी गटारावरची फरशी उचलली. पुढचं ती कधीच आठवत नाही. आठवायचं नाही असं नाही, तिथं नुसता नारळाचा आवाज आहे. पण जनूच्या तोंडचा शेवटचा शब्द तिला पक्का ठाऊक आहे. तो ‘अम्मा’ नव्हता.

गाडी धडधडत गेली. फाटक वर झालं. कन्नियप्पन चढावर उभा राहून पॅडल मारू लागला, त्याच्या पोटऱ्यांवर शिरा तटतटल्या, आणि सईबाई पंख्यानं वारा घेत म्हणाली, "हळू चालव रे बाबा, आधीच एका डोळ्याचा माणूस तू." तो हसला. हसू पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला पोचत नव्हतं. कनकानं ठरवलं की गप्प बसायचं. आईचा जनू आईकडे राहू दे. नवऱ्याची कथा पुण्याला जाऊ दे. हा माणूस वाचणार नाही, ह्याला कळणार नाही, ह्याचं काय जातं? डोळा तर गेलाच आहे. असं तिनं स्वतःला चांगलं बजावलं.

शाळेच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती, मागं कॉफीच्या पिंपाशी गर्दी, आणि भिंतीवर पोरांनी काढलेला मानवी सांगाडा टांगलेला. आधी कुमुदिनीबाईंची कथा झाली. त्यात एक म्हातारे पेन्शनर आपल्या लाडक्या कुत्र्यामागून चार दिवसांनी शांतपणे वारतात, तुळशीपाशी. मग उमाकांत उठला. त्याचा आवाज छान होता, खोल, सावकाश. ह्याच आवाजावर कनका एकेकाळी भाळली होती. रिक्षावाल्यापाशी आल्यावर तो आवाज आणखी खाली गेला. ‘त्याच्या फुटक्या डोळ्यात वर्षानुवर्षांचा सूड साचला होता.’ कनकानं खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळेच्या फाटकापाशी, पूवरसाच्या झाडाखाली सावलीत, कन्नियप्पन रिक्षाची गादी टॉवेलनं झटकत होता. सईबाईनं त्याला थांबायला सांगितलं होतं, येताना सोडायला. कनकाच्या कानाशी सईबाई पुटपुटली, "हा कोण ग रिक्षावाला? असा कोणी नव्हता." चपलेवर कथा संपली, टाळ्या पडल्या, एक-दोन बायकांनी नाकं शिंकरली.

विद्याधर चौबळ चष्मा पुसत उभे राहिले. पहिली कथा मरणाला कुरवाळते, दुसरी मरणाच्या अंगावर जाते, असं म्हणाले. पहिलीचा शेवट आपल्याला रडवून मोकळा करतो, दुसरीचा शेवट मुळी शेवटच नाही, तो एक प्रश्न आहे, असंही म्हणाले. ती चप्पल म्हणजे या कथेचं यश. आणि तो एकाक्ष रिक्षावाला! "गर्दीतलं पशुत्व लेखकानं एकाच डोळ्यात पकडलंय." पुढं पुष्कळ बोलले. शेवटी म्हणाले, ज्यांच्या घरचं हे दुःख त्या इथं आहेत, त्यांनी दोन शब्द सांगितले तर बरं होईल. सगळ्या माना कनकाकडे वळल्या. पन्नास चेहरे एकदम वळले. वळणारी गर्दी तिनं पाहिलेली होती. चेहरे चांगले होते. सुशिक्षित, कॉफी प्यालेले, ओल्या डोळ्यांचे. त्यांना एक माणूस दाखवला होता आणि त्यांनी तो घेतला होता, काही न विचारता.

ती उभी राहिली. नवऱ्याची घासूनपुसून शिकलेली मराठी तोंडात येईना, घरचीच आली. "शेवट असा नाहीं," ती म्हणाली. "मी होते तिथं. पोर मेली होती. जनूनं ती टाकली. मग तो भ्याला आणि त्यानं एका रिक्षावाल्याकडं बोट केलं, हा पोरीला मारला म्हणून. त्या माणसानं काही केलं नव्हतं. त्याचा डोळा लोकांनी फोडला, आमच्या जनूच्या बोटानं फोडला. आणि मज आनंद झाला होता." आणखी काहीतरी ती बोलणार होती, तो बाहेर उभा आहे, जाऊन बघा, असं, पण तेवढ्यात शेजारून कांचीवरम सळसळली आणि कनकाच्या कानशिलावर फाडकन् थप्पड बसली. सईबाईचा हात म्हातारा असला तरी जात्यावर, उखळावर घडलेला. कनका खुर्चीसकट कलंडली. तोंडात खारट चव आली. "तुझा भाऊ तो," सईबाई म्हणाली, पुन्हा हात उगारून. "तुझ्या पाठचा भाऊ!" दुसरा फटका मानेवर बसला. कुमुदिनीबाई मध्ये पडल्या तेव्हा तिसरा त्यांना लागला.

दारापाशी उमाकांतनं तिला गाठलं. चेहरा पांढराफटक. ती थांबली, वाटलं, आता हा जवळ घेईल. "कनका," तो म्हणाला, "हे बोट दाखवणं... आधी का नाही सांगितलंस? अग, हाच शेवट आहे." आणि त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. तिनं त्याच्या काखेतले कागद ओढून घेतले आणि फाडले, उभे, आडवे, पुन्हा उभे, मग हातांना झेपेना तेव्हा दातांनी. घरी दुसरी प्रत होती. ते दोघांनाही ठाऊक होतं. "तो माणूस काढा कथेतून," ती तोंडातला कागद थुंकत म्हणाली. "मारणारा म्हणून नको, मार खाणारा म्हणूनही नको. त्याला विचारल्याशिवाय नको." उमाकांतनं मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते तिला ओळखता आलं नाही.

परतीच्या वाटेवर रिक्षात पुन्हा त्या दोघीच होत्या. रेल्वेचं फाटक उघडंच होतं. रिक्षा रूळ ओलांडून वेस्ट मांबलममध्ये शिरली तेव्हा सईबाई अचानक पुढं वाकली आणि तामिळमध्ये म्हणाली, "कन्नियप्पा. त्या दिवशी मी तुला विचारलं, असंच झालं ना. तू होय म्हणालास."

त्यानं पॅडल मारणं थांबवलं नाही. "म्हणालो, अम्मा."

"का म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत." थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "मी भांडायलाच आलो होतो, अम्मा. पट्टी सोडून डोळा दाखवायचा आणि म्हणायचं, बघ तुझ्या पोरानं काय केलं. पण तुम्ही सांगत होतात. मेलेल्याच्या घरी बसून नाही कसं म्हणायचं?" आर्य गौडा रस्त्याचं वळण आलं. त्यानं घंटी वाजवली, वळण घेतलं. सईबाई मागं टेकली. तिचा हात सीटवर कनकाच्या हाताशेजारी होता, तळवा अजून लाल. त्या हातानं कनकाचा हात धरला नाही, पण तो दूरही झाला नाही.

घरापुढच्या ओट्यावर अलमेलू वाट पाहत बसली होती. शेजारच्या घरची लेक, कलकत्त्याला दिलेली. जनू तिच्या बरोबरीचा, दोघं लहानपणी याच ओट्यावर कवड्या खेळायची. दीड वर्षानं पहिल्यांदा माहेरी आली होती आणि आल्या पावली इकडं आली होती. सईबाईला पाहताच तिचे डोळे भरले. तिनं तामिळमध्ये, रीतीप्रमाणं, हलकेच विचारलं, "मामी, कसं झालं?"

कनकाला वाटलं, आज आई घरात निघून जाईल. सईबाई गेली नाही. कन्नियप्पनला तिनं हातानंच थांबवलं, ताक पिऊन जा म्हणून, आणि पाय न धुता, पातळ न बदलता ओट्यावर बसली. सुरू केलं. ऊन आलं, असं ऊन की पायाला फोड यावा. लॉरी आली. जनू धावला, पोरीला उचललं. माणसं आली. सगळं नेहमीच्या जागी, नेहमीच्या शब्दांत येत होतं, अलमेलू पदर तोंडाला लावून हुंदके देत होती, आणि कनका दारात ताकाचा पेला घेऊन त्या जागेची वाट पाहत होती, जिथं हात वर व्हायचा आणि डोळे मिटायचे. ती जागा आली. सईबाई थांबली. तिचे ओठ ‘अम्मा’साठी जुळले आणि तसेच राहिले.

"मग लेकरू भ्यालं माझं," ती म्हणाली. "फार भ्यालं ग. मी तिथं नव्हते. एवढी माणसं मारत होती, ते तरी काय करणार? त्यानं ह्याच्याकडं असं बोट केलं..." आणि सांगण्याच्या भरात, जशी ती जनूचा वर केलेला हात नेहमी करून दाखवायची तशीच, तिनं आपला उजवा हात लांब केला आणि रिक्षाशी उभ्या असलेल्या कन्नियप्पनकडे बोट रोखलं.

कन्नियप्पन एक पाऊल मागं सरला, पाठ रिक्षाच्या चाकावर आपटली, आणि त्याचा हात झटकन् वर गेला. चांगला डोळा त्यानं तळव्यानं गच्च झाकून घेतला होता. सईबाईचं बोट हवेत तसंच राहिलं. मग तिनं ते दुसऱ्या हातानं धरून खाली घेतलं, मांडीवर, आणि मुठीत दाबून ठेवलं.